नाद फोटोचा, काम पाण्याचें

"नादीं लागणें" हा वाक्प्रचार आपल्या घरांतून सहसा कौतुकानें उच्चारला जात नाहीं. मुलगा पत्त्यांच्या नादीं लागला, पुतण्या नाटकाच्या नादीं लागला, असें सांगतांना वडील मंडळींच्या कपाळीं आठीच असते. परंतु सर्वच नाद सारखे नव्हेत. कांहीं नाद माणसाचा वेळ खातात आणि त्याला होता त्याहून उथळ करून सोडतात. कांहीं नाद पैसा थोडा अधिक खातात, पण हाताला वळण, डोळ्याला पारख आणि मनाला थांबण्याची संवय लावून जातात. ह्या दुसऱ्या वर्गांतील एका नादाविषयीं, म्हणजे फिल्मवर फोटो घेऊन ते घरच्या घरीं धुण्याच्या व छापण्याच्या नादाविषयीं, ह्या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

कोणी म्हणेल, हा नाद तर केव्हांच मागें पडला. ज्याच्या त्याच्या खिशांत आज फोन आहे, त्या फोनाला डोळा आहे, आणि त्या डोळ्यानें टिपलेलें चित्र क्षणांत सातासमुद्रापलीकडे पोंचतें. हें खरें आहे आणि चांगलेंहि आहे. परदेशीं राहणाऱ्या नातवाचें तोंड ज्या आजीला रोज पाहावयास मिळतें, तिच्यापुढें फिल्मची थोरवी गाणें शहाणपणाचें होणार नाहीं. तरीहि विशी-पंचविशीचीं कांहीं मुलें आजोबांच्या कपाटांतील जुना कॅमेरा बाहेर काढतात, पुसतात, आणि त्यांत फिल्म भरतात. फिल्म अजून मिळते. अमेरिकेंतील कोडॅक कंपनीनें २०१२ च्या जानेवारींत दिवाळखोरीचा अर्ज केला, तरी तिच्या फिल्म निघण्याचें थांबलें नाहीं. इंग्लंडांतील इलफर्डची कृष्णधवल फिल्म व कागद हेहि अजून बाजारांत आहेत. मात्र छत्तीस चित्रांच्या एका फिल्मला आज कित्येकशें रुपये पडतात. तेव्हां घरांतील कर्त्या माणसानें "हा खर्च कशासाठीं?" असें विचारलें तर त्यांत गैर कांहीं नाहीं. त्या प्रश्नाला उत्तर दिलें पाहिजे.

ह्या नादाची ओळख आपल्या घरांना नवीन नाहीं. ज्यांनीं साठी ओलांडली आहे त्यांना बडोद्यास तयार होणारा आगफाचा 'क्लिक थ्री' आठवत असेल. त्यांत रुंद फिल्म बसे आणि तिच्यावर चौकोनी अशीं बाराच चित्रें निघत. बारा म्हणजे बारा! मुंजीचा बटु एकदां, मातृभोजन एकदां, सगळें कुटुंब अंगणांत ओळीनें उभें राहून एकदां. उरलेलीं चित्रें दिवाळीपर्यंत पुरवावयाचीं. कळ दाबण्यापूर्वीं विचार करावा लागे, आणि समोरच्यांनाहि श्वास रोखून उभें राहावें लागे. आपल्या देशांतहि फिल्म तयार होत असे. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० सालीं स्थापन झाला, १९६७ पासून त्याचें उत्पादन सुरू झालें, आणि त्याच्या मालाचें नांव होतें 'इंदु'. इंदु म्हणजे चंद्र. चांदीच्या क्षारांवर चालणाऱ्या धंद्याला ह्याहून समर्पक नांव काशीच्या पंडितालाहि सुचलें नसतें. पुढें काळ पालटला आणि तो कारखाना बंद पडला.

चांदीचा उल्लेख आलाच आहे, तर ही विद्या चालते कशी तें थोडक्यांत पाहूं. फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा लेप, आणि त्या लेपांत विखुरलेले चांदीच्या क्षाराचे अतिसूक्ष्म कण. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. त्याच्या आधींच्या काळांतील कागदाला तर अंड्यांतील पांढऱ्या भागाचा लेप असे. देवघराशेजारच्या भिंतीवर वडिलांचा फोटो टांगणाऱ्या सोवळ्या घरांनीं ह्या गोष्टीची फारशी चौकशी केली नाहीं, आणि बरेंच केलें! कांहीं जिलेटिनची फिल्म चपळ कां होते व कांहींची मंद कां, हें कोडें कोडॅकमधील शेपर्ड ह्या शास्त्रज्ञानें १९२५ सालीं सोडविलें. मोहरीला ज्यामुळें तिखटपणा येतो त्या जातीचें गंधकयुक्त द्रव्य चपळ जिलेटिनमध्यें अत्यल्प प्रमाणांत असतें, असें त्याला आढळलें. आपल्या फोडणींतील मोहरीची सत्ता अशी थेट कॅमेऱ्यापर्यंत पोंचलेली आहे.

कळ दाबली कीं प्रकाश आंत शिरतो आणि एकेका कणावर चांदीचे चार-दोन अणु मोकळे होतात. एवढ्यानें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं. चित्र आलेलें असतें, पण तें बीजरूपानें. त्या बीजाला वाढविणारें जें द्रावण त्याला डेव्हलपर म्हणतात. १९२७ पासून प्रसिद्ध असलेली कोडॅकची एक कृति आजहि कोणालाहि घरीं करतां येते : मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, आणि आपल्या घरांत ठाऊक असलेला टाकणखार २ ग्रॅम, हें सर्व एक लिटर पाण्यांत. प्रकाश जेथें पडला तेथें हें द्रावण क्षाराची शुद्ध चांदी करतें, आणि ती चांदी इतकी बारीक असते कीं डोळ्यांना काळी दिसते. म्हणून फिल्मवर आकाश काळें आणि केस पांढरे उमटतात. त्या उलट्या चित्राला 'निगेटिव्ह' हें नांव जॉन हर्शेल ह्या इंग्रज ज्योतिर्विदानें दिलें.

फिल्म डब्यांत गुंडाळण्याचें काम पूर्ण काळोखांत, केवळ बोटांच्या अंदाजानें करावें लागतें. नवशिक्यानें एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन प्रथम डोळे मिटून पंधरा-वीस वेळां हा अभ्यास करावा. दुसरी अडचण उष्णतेची. द्रावण वीस अंशांवर असावें असा दंडक आहे. पुण्याच्या थंडींत सकाळचें पाणी आपण होऊन त्याच्या आसपास येतें. वैशाखांत मात्र द्रावणाची बाटली बर्फाच्या पाण्यांत उभी करून ठेवावी लागते. घड्याळ, उष्णतामापक आणि हात ह्या तिघांचें एकमत झाल्याखेरीज चित्र नीट येत नाहीं, आणि मुलाला नेमकेपणा शिकविण्याला ह्यासारखा दुसरा शिक्षक नाहीं. शाळेंत मास्तर चुकीवर तांबडी रेघ ओढतात. येथें चूक केली तर मुंजीचें चित्रच जातें.

छापण्याचें काम याहून आनंदाचें. छपाईचा साधा कृष्णधवल कागद तांबड्या प्रकाशाला आंधळा असतो. म्हणून न्हाणीघरांत तांबडा दिवा लावून, खिडकीला काळें कापड ठोकून, तीन पसरट थाळ्या मांडल्या कीं काळी खोली तयार होते. कागदाच्या एका पट्टीवर पांच-पांच सेकंदांच्या पायऱ्यांनीं प्रकाश पाडून आधीं प्रमाण ठरवावें. मग पूर्ण कागदावर प्रकाश सोडावा. चेहरा फार काळा होतो असें वाटलें तर तेवढ्या भागावर हाताची सावली धरावी, आकाश फार पांढरें राहतें असें वाटलें तर तेथें प्रकाश अधिक द्यावा. कागद डेव्हलपरमध्यें सोडला कीं पंधरा-वीस सेकंदांत कोऱ्या पांढऱ्यावर प्रथम केसांची काळोखी, मग डोळे, मग हळूहळू सबंध मुद्रा वर येते. कितीहि वेळां पाहिलें तरी ह्या दृश्याचें नावीन्य जात नाहीं.

परंतु खरी कसोटी ह्यापुढें आहे, आणि बहुतेकांचा उत्साह नेमका येथेंच ओसरतो. चित्र दिसूं लागलें म्हणजे काम संपलें असें वाटतें. तें संपलेलें नसतें. ज्या क्षारावर प्रकाश पडला नाहीं तो अजून तेथेंच असतो. तो काढला नाहीं तर उजेडांत सर्वच काळवंडून जाईल. त्यासाठीं हायपो वापरावयाचा. हायपोंत चांदीचे क्षार विरघळतात हें त्याच हर्शेलनें १८१९ सालीं, म्हणजे पुण्यांत इंग्रजी अंमल सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालें असतां, नोंदवून ठेवलें होतें. वीस वर्षांनीं फोटोग्राफीचा जन्म झाला तेव्हां तें ज्ञान हाताशीं तयार होतें. पण हायपोनें क्षार नेला तरी हायपो स्वतः मागें राहतो, आणि तो घरभेद्या आहे. त्यांत गंधक असतें. चांदीच्या समया व ताम्हणें ठेवल्याठिकाणीं काळीं कां पडतात? हवेंतील गंधकामुळें. तीच क्रिया फोटोंतील चांदीवर चालते. फरक इतकाच, कीं समई चिंचेनें घासून उजळतां येते, आणि आजोबांचा चेहरा घासतां येत नाहीं. जुन्या फोटोंत चेहरे पिवळे-तपकिरी होऊन विरत गेलेले दिसतात, त्यांपैकीं पुष्कळांना काळानें नव्हे, तर कोणीतरी धुण्यांत केलेल्या कंटाळ्यानें खाल्लेलें असतें.

म्हणून शेवटचें काम पाण्याचें. साध्या कागदाची प्रत वाहत्या पाण्यांत तासभर धुवावी. प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या कागदाला दोन-चार मिनिटें पुरतात. पाणीकपातीच्या दिवसांत फिल्मसाठीं इलफर्डनें सांगितलेली काटकसरीची रीत उपयोगी आहे : डबा पाण्यानें भरून पांच वेळां उलथापालथा करावा, पाणी बदलून दहा वेळां, पुन्हां बदलून वीस वेळां. ह्या धुण्याचें फळ त्या दिवशीं दिसत नाहीं, दुसऱ्या वर्षींहि दिसत नाहीं. तें पन्नास वर्षांनीं, आणि तेंहि दुसऱ्याच कोणाला दिसतें. ह्या नादाचें खरें मोल मला ह्या एका तासांत वाटतें. कळ दाबणें ही हौस. आपण नसतांना जो पाहणार आहे त्याच्यासाठीं धुणें हें कर्तव्य.

हें काळोखांतील काम नेहमींच दुसऱ्या कोणाच्या तरी नांवावर जमा होतें. त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्रीघराण्यांत १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके हे प्रथम फोटोग्राफर होते. गोध्र्यास त्यांचा स्टुडिओ होता, पुराणवस्तुखात्यांतहि त्यांनीं नोकरी केली. १९१२ सालीं ते विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन आले आणि प्रथम त्यांनीं काय टिपलें, तर कुंडींत पेरलेला वाटाणा! रोज थोडें थोडें चित्र घेऊन, बीं फुटून वेल वर येईपर्यंतची वाढ त्यांनीं मिनिटभरांत दाखविली, आणि ती पाहून भांडवल देणारा मिळाला. पुढें ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' मुंबईस लोकांपुढें आला. हा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. त्यामानानें कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, कीं त्या फिल्मच्या कडांना भोंकें पाडणें, रसायनें मिसळणें आणि फिल्म धुणें हीं कामें सौ. सरस्वतीबाई फाळके शिकल्या व करूं लागल्या. कॅमेऱ्यासमोर उन्हांत पांढऱ्या चादरी धरून उभें राहणें आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक हें त्याखेरीज. पडद्यावर त्यांचें मुख कोठें दिसत नाहीं. परंतु पडद्यावर जें दिसलें तें त्यांच्या हातांखालून गेलेलें होतें.

जें नीट धुतलें आणि जपलें गेलें तें काय देऊं शकतें, ह्याचें उदाहरण घ्यावयाचें तर १० ऑक्टोबर १८८५ चा एक फोटो घ्यावा. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकणाऱ्या तीन परदेशी विद्यार्थिनी आपापल्या देशांच्या वेषांत बसलेल्या आहेत : जपानच्या के ओकामी, सीरियाच्या सबात इस्लांबुली, आणि आपल्या आनंदीबाई जोशी. पुढच्या मार्चमध्यें आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत, बाविसावें वर्षहि पुरें होण्याआधीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या हातून रुग्णसेवा व्हावयाची ती राहून गेली. पण त्यांची ती निश्चयी दृष्टि आज महाराष्ट्रांतील शाळकरी मुलगीहि ओळखते. कोणा अज्ञात माणसानें तें चित्र पुरेसें धुतलें आणि त्या संस्थेनें तें सांभाळलें, म्हणूनच हें शक्य झालें.

उलट उदाहरणहि पुण्याच्याच अभिमानाचें आहे. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथराव परांजपे १९०१ च्या डिसेंबरांत मायदेशीं परतले. त्यांच्या मुंबईंतील स्वागताचें चलच्चित्र हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, ह्यांनीं घेतलें होतें. पुढें परांजपे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांनीं त्यांना पाहिलें. पण ती फीत मात्र आज आपल्याला पाहावयास मिळत नाहीं. फाळक्यांच्या चित्रांपैकींहि थोडींच उरलीं आहेत. पुण्यांत १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें आणि पी. के. नायर ह्यांनीं उरलेल्या फितींचे तुकडे चिकाटीनें जमविले, म्हणून 'राजा हरिश्चंद्रा'चा कांहीं भाग आणि १९१९ चा 'कालिया मर्दन' आपण पाहूं शकतों. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे बंदुकीच्या कापसाची जवळची बहीण. २००३ च्या जानेवारींत प्रभातच्या जुन्या आवारांतील कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. ज्यांच्या प्रती आधींच नव्या फिल्मवर उतरविलेल्या होत्या तीं चित्रें वांचलीं. करूं म्हणून ठेवलेलें काम आग ऐकत नाहीं.

संग्रहालयाची गोष्ट सरकार पाहील. आपल्या माळ्यावरील पत्र्याच्या पेटीचें काय? बहुतेक जुन्या घरांतून अशी एक पेटी असते. तींत कांचेच्या पट्ट्या, कागदी पाकिटांतल्या निगेटिव्ह, गुंडाळलेले समूहफोटो, आणि पुष्कळ अनोळखी चेहरे असतात. पुराणांत सूर्यपत्नी संज्ञेची कथा आहे. सूर्याचें तेज सोसेना म्हणून ती घर सोडून गेली आणि आपल्या जागीं आपली छाया ठेवून गेली. संज्ञा म्हणजे नांव, हें व्याकरण शिकलेल्यास सांगावयास नको. आपल्या पेटीचीहि तीच गत आहे : संज्ञा निघून गेली, छाया तेवढी मागें राहिली. नऊवारी नेसलेली ही कोण? आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून उभा असलेला हा मुलगा कोणाचा? हें सांगणारी एखादी आत्या किंवा काकू अजून घरांत असेल, तर तिच्या शेजारीं एका रविवारीं बसावें आणि प्रत्येक जुन्या कागदी फोटोच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीनें नांव, नातें, गांव व साल लिहावें. शाईचें पेन वापरूं नये. ज्या फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास येतो ती इतरांपासून वेगळी काढावी आणि तिची नक्कल आधीं करवून घ्यावी, कारण तो तिच्या नासण्याचा वास आहे. येथें फोनाचा व स्कॅनरचाहि उपयोग अवश्य करावा. जुनें जपण्यासाठीं नवें वापरण्यांत कसला विटाळ?

आतां कर्त्या मंडळींना एक विनंति. घरांतील मुलाला किंवा मुलीला हा नाद लागला असेल तर महिन्यांतून दोन रात्रीं न्हाणीघर त्यांच्या स्वाधीन करावें. "आंतून कडी लावून दोन-दोन तास काय करतेस ग?" असा प्रश्न दाराबाहेरून विचारावा, पण दार उघडूं नये, उघडलें तर सगळा कागद काळा होईल. मुलांनींहि आपल्या बाजूनें कांहीं नियम पाळावे. रसायनांचीं मापें व भांडीं स्वयंपाकघरांत कदापि आणूं नयेत. सरबताच्या रिकाम्या बाटलींत डेव्हलपर भरूं नये. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नांव लिहून ती लहान मुलांच्या हाताबाहेर, कुलपांत ठेवावी. मेटॉलनें कित्येकांच्या कातडीला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावे. वापरलेल्या हायपोंत चांदी उतरलेली असते. तो तुळशींत, बागेंत किंवा विहिरीजवळ ओतूं नये, सांठवून चांदी काढून घेणाऱ्याकडे द्यावा. आणि सकाळीं पहिल्या स्नानाच्या आधीं न्हाणीघर होतें तसें स्वच्छ करून द्यावें.

खर्चाच्या प्रश्नाचें उत्तर मग असें द्यावें : पहिली फिल्म घरानें घेऊन द्यावी, पण एका अटीवर. तिच्यावर प्रथम घरांतील सर्वांत वडील माणसाचें चित्र घ्यावें, तें घरींच मोठें छापावें, पाठीमागें नांव आणि तारीख लिहावी, आणि धुण्याचा तास पुरता भरावा. तासाच्या शेवटीं कंटाळा येईल. तेव्हां नळ बंद करण्यापूर्वीं घड्याळ पाहावें.